इथून पुढं मी

गिरजाबाईंच्या खोलीत पहिल्यांदा गेलेल्या माणसाला आधी भिंतीपुढे उभं राहावं लागे. चहा त्यानंतर. भिंतीवर एक फोटो होता, आणि तो अर्धा होता. खुर्चीत बसलेली एक बाई, तिच्या मांडीवर रडायच्या बेतात असलेलं तान्हं मूल, बाईचा डावा हात बाजूला लांबवलेला, आणि मनगटापाशी फोटो संपलेला. कात्रीने सरळ कापलेला. गिरजाबाई लगबगीने त्या फोटोला चिकटून उभ्या राहत, गुडघे वाकवत, आपला खांदा बरोबर त्या मनगटाच्या रेषेत आणत आणि सांगत, "हे माही माय. हा पुंडलिक, माहा भाऊ. अन् इथून पुढं मी."

पंचेचाळिशीची ठेंगणी बाई गुडघे वाकवून आठ वर्षांची मुलगी झालेली पाहिली की हसावं की गंभीर राहावं, हे नव्या माणसाला कळत नसे. मलाही कळलं नव्हतं. मी हसले. "हास, हास," त्या म्हणाल्या, "फोटोवाल्यानं बी तेच सांगितलं होतं." मग त्यांनी आपल्या पलीकडच्या कोऱ्या भिंतीवर तळहात आपटला. "अन् इथं बाबा."

त्या कोऱ्या जागेवर त्या काहीही लावू देत नसत. त्यांच्या यजमानांनी, किसनरावांनी, एकदा तिथे खिळा ठोकून कॅलेंडर लावलं. संध्याकाळपर्यंत कॅलेंडर मोरीच्या दारावर गेलं होतं आणि खिळ्याच्या भोकात चुना भरलेला होता. किसनराव मिलमध्ये कामाला, बोलणं अगदी मोजकं. त्यांनी चुन्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

हे सगळं सत्तरीच्या दशकातलं. मी वर्ध्याहून नागपूरला पोस्टात नोकरीला आले होते आणि गोळीबार चौकाजवळ, कोष्ट्यांच्या वस्तीत, गिरजाबाईंच्या शेजारची खोली मला भाड्याने मिळाली होती. वस्तीत त्यांना सगळे रंगूनवाली म्हणत. त्यांचे वडील याच गल्लीतले विणकर. इंग्रजांच्या राज्यात ते रंगूनला गेले, तिथे हातमाग टाकला, आणि तिकडे राहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी नागपुरी लुगडी विणू लागले. गिरजाबाई तिथेच जन्मल्या, तिथेच त्यांचं लग्न झालं, आणि तिथेच म्हातारं व्हायचं असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पण इंग्रज गेले, पुढे तिकडचं सरकार बदललं, लोकांची दुकानं गेली, आणि साठीच्या दशकात जहाजं भरभरून माणसं इकडे परतली. त्यात गिरजाबाई आणि किसनराव होते.

"बाबा परदेशात नाही गेले," असं त्या ठासून सांगत. जणू कुणी आरोपच केला होता. "नागपूर अन् रंगून एकाच साहेबाचं होतं. ह्या खोलीतून त्या खोलीत जावं तसे गेले. मंग साहेब निघून गेला, न् मधात भिंत झाली. त्याले बाबा काय करतीन?"

त्यांची बोली ही वस्तीची करमणूक होती. आईबापांकडून मिळालेली वऱ्हाडी त्यांनी रंगूनमध्ये तशीच्या तशी ठेवली होती. इकडची पोरंसोरं शाळेत जाऊन, रेडिओ ऐकून 'डोळे' म्हणायला लागली होती. या अजून 'डोये'च म्हणत. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका खास त्यांच्याकडे येऊन बसत, कारण तिथे त्यांना आपल्या आजीचं बोलणं ऐकायला मिळे. मी वर्ध्याची असूनही माझी पहिल्याच दिवशी फजिती झाली. पोस्टात जायचा जवळचा रस्ता विचारला तर म्हणाल्या, "चौकातून डाव्या हाताले वय." वय विचारलं असं समजून मी म्हटलं, "तेवीस." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, डोक्यावर काही परिणाम झालेला नाही याची खात्री केली, आणि मला हाताला धरून चौकात नेऊन डावीकडे वळवलं. तेव्हापासून त्यांच्या तोंडातल्या प्रत्येक 'य'च्या जागी 'ळ' घालून पाहायची मला सवय लागली.

त्यात मधूनमधून ब्रह्मी, म्हणजे ब्रह्मदेशाच्या भाषेतले, शब्द येत. सगळ्यांत मोठा घोळ 'अमले'चा होता. काही पडलं, सांडलं, हरवलं किंवा सापडलं की त्या म्हणत, "अमले!" तिकडे ते 'अगं आई गं'सारखं म्हणतात. पण वस्तीचा पक्का समज असा, की अमले नावाचे यांचे कुणी नातलग रंगूनला राहिले आहेत आणि बाई दिवसातून वीस वेळा त्यांची आठवण काढतात. आमचे पोस्टमन शेंडे यांनी तर एकदा पुसट पत्त्याचं, अमले आडनावाचं एक पाकीट सरळ त्यांच्या दारात टाकलं. ती पाचपावलीकडच्या कुठल्याशा अमल्यांच्या घरची लग्नपत्रिका होती. गिरजाबाईंनी ती वाचली, त्यांना फार आनंद झाला, आणि त्या लग्नाला जाऊन आल्या. पोटभर जेवल्या, नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. परत येऊन मला म्हणाल्या, "पोरगी गोड हाये वं. पन शालूचा काठ दोन नंबरचा."

काठावर त्यांची नजर आधी जाई, कारण त्यांचं कामच तसं होतं. त्या फोटो रंगवत. रंगीत फोटो तेव्हा क्वचित कुणाकडे असे. महाल आणि सीताबर्डीवरचे स्टुडिओवाले आपले काळेपांढरे फोटो त्यांच्याकडे पाठवत. हे काम त्या रंगूनच्या एका चिनी फोटोवाल्याकडे शिकल्या होत्या. खिडकीपाशी पाट मांडलेला, त्यावर तैलरंगाच्या बोटभर नळ्या, कापूस गुंडाळलेल्या काड्या, दोन-तीन केसांचे ब्रश आणि एक भिंग. तोंडात न पेटवलेली जाड विडी. तिकडे बायका चिरूट ओढतात. इकडे चिरूट मिळेना, तेव्हा त्यांनी तेंदूच्या पानात दुप्पट तंबाखू भरून स्वतःची वळायला सुरुवात केली होती. पण काम चालू असताना ती पेटवायची नाही. "राख पडली का नवरीच्या गालाले भोक पडते," असं त्या म्हणत.

त्यांचा एक नियम होता. अंदाजाने रंग भरायचा नाही. प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारायचं, लुगडं कोणत्या रंगाचं होतं, पातळ कोणत्या रंगाचं होतं, आणि पुरुषमाणूस असेल तर त्याला सांगायचं, घरी जाऊन विचारून ये. उमरेडचे एक गृहस्थ आपल्या वारलेल्या पत्नीचा फोटो घेऊन आले होते. मी शेजारी बसून तांदूळ निवडत होते, म्हणून हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"लुगडं कोन्या रंगाचं?"

"लाल," गृहस्थ म्हणाले.

गिरजाबाईंनी भिंग लावलं. "लाल नाही. हा करवती काठ हाये, दात्यादात्याचा. खाली कोसा असते, कोशाचं रेशीम, त्याचा रंग मधासारखा. लाल कुठून येईन?"

"लालच होतं."

"नव्हतं."

"अवो बाई, बायको माही होती का तुमची?"

"बायको तुमची," गिरजाबाई म्हणाल्या. "लुगडं आमचं."

ते गृहस्थ रागाने उठून गेले. आठ दिवसांनी परत आले ते एक गाठोडं घेऊन. पेटीच्या तळातून लुगडं काढून आणलं होतं. मधाच्या रंगाचं. त्यांनी ते पाटाजवळ ठेवलं आणि उंबऱ्यावरच बसून राहिले. "इतकी वर्सं मले लालच वाटे," असं दोनदा म्हणाले. गिरजाबाईंनी त्यांना चिडवलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, कारण जिंकल्यावर गप्प बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्या म्हणाल्या, "तिचं कुकू लाल असन. तुम्ही तेच पाहत असान." गृहस्थांनी मान हलवली आणि फोटो पुरा होईपर्यंत ते तिथेच बसले.

त्यांचं दुसरं काम डोळे उघडण्याचं. त्यात त्यांचा हात नागपुरात कुणी धरू शकत नव्हतं. पुष्कळांचा जन्मभरात एकही फोटो निघालेला नसे. माणूस गेल्यावर घाईघाईने फोटोवाल्याला बोलावत, टेकवून बसवत, आणि मिटल्या डोळ्यांचा फोटो काढून घेत. मग तो फोटो गिरजाबाईंकडे येई. त्या ब्रशने डोळे उघडून देत. त्याआधी घरच्या सगळ्यांना बोलावून विचारत, डोळे कसे होते. एकदा तीन मुलगे आपल्या आईला घेऊन आले. थोरला म्हणाला, वडील करारी होते, डोळे तसेच काढा. मधला म्हणाला, काहीतरीच काय, मिश्कील होते. धाकटा म्हणाला, शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं. तिघांची जुंपली. गिरजाबाईंनी तिघांना चहा प्यायला चौकात पाठवलं आणि आईला विचारलं, "तुमच्याकडे कसे पाहत?"

ती बाई पदर सारखा करत म्हणाली, "माह्याकडे पाहतच नव्हते. पोरांसमोर कसे पाहतीन?"

गिरजाबाईंनी डोळे काढले ते किंचित बाजूला गेलेले. पाहायचं आहे पण पाहत नाही असे. त्या आईने फोटो हातात घेतला आणि ती एकदम हसली. मुलांना ते डोळे पसंत पडले नाहीत, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

त्या मंडळींना वाटेला लावून गिरजाबाई परत पाटावर बसल्या, आणि विडी या गालातून त्या गालात नेत मला म्हणाल्या, "लोकाईच्या बापाचे डोये मी उघडून देतो. माह्या बापाचे कसे होते ते मले आठवून नाही राहिले."

मला वाटलं, सहज बोलताहेत. त्यांनी पाटाखालून एक वही काढली. वहीत पेन्सिलीने काढलेले चेहरे होते, पानामागून पान. नाक एकदा लांब, एकदा आखूड. मिशी कधी असे, कधी नसे. "हे बाबा काढाले गेली तं उमरेडवाला निघाला," त्यांनी एक पान दाखवलं. खरंच उमरेडचे गृहस्थ निघाले होते. "दिवसभर दुसऱ्याचे तोंडं पाहतो ना मी. आपलं माणूस पुसून जाते." वडिलांचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. होता तो रंगूनला, भिंतीवरच्या फोटोचा उरलेला अर्धा. तो एकदा हाती लागला की झालं, असं त्या सगळ्यांना सांगत. रोज सकाळी अकराला त्या माझ्या खिडकीशी येऊन विचारत, "आलं का वं, पोस्टवाली?" पत्र घरपोच येतं हे मी त्यांना सांगितलं होतं. पण लग्नपत्रिकेच्या प्रकरणापासून त्यांचा शेंड्यांवर विश्वास नव्हता.

फोटो कापला कसा, हे त्या भरभरून सांगत. दर वेळी नव्याने रागावून सांगत. रंगूनहून निघायचं ठरलं तेव्हा आई वारलेली होती. पुंडलिकने तिकडचीच बायको केली होती, तो तिथेच राहणार होता. आणि वडील म्हणाले, मी मागापाशी राहीन. तेवढ्यात बंदरावरची बातमी आली, की मोठे फोटो जाऊ देत नाहीत, फ्रेमसकट काढून घेतात. एवढासा तुकडा असेल तर कुणी पाहत नाही. घरात एकच फोटो होता, उंचावर, धुरकट काचेमागे; बाबा रोज समोर, म्हणून तो कुणी निरखून पाहिला नव्हता. वडिलांनी फ्रेम उघडली आणि सूत कापायच्या कात्रीने फोटोचे दोन भाग केले.

"मायचा भाग मले दिला. मी म्हटलं, बाबा, तुमचा द्या. तं म्हणे, नाही. तो मी ठेवतो. आता सांग, स्वतःच्याच फोटोचा येवढा लोभ कोनाले असते का?"

"त्या भागात तुम्हीही होता ना," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच ठेवला असेल."

"माह्यासाठी?" त्या खो खो हसल्या. "जिंदगीत एकदा त्यानं माह्याकडे धड पाहिलं नाही. मान खाली, पुढं माग. मी इस्कुलात पहिली आली तं मान खाली. माहं लगन ठरलं तं मान खाली. जहाजावर पोचवाले बी नाही आले. मी निघाली तवा मागावरच होते." मग बंदरावरचा प्रसंग त्या उभं राहून, दोघांच्या आवाजात, साग्रसंगीत करून दाखवत. सामान तपासणाऱ्या माणसाने त्यांच्या पोलक्यात लपवलेला तुकडा बाहेर काढायला लावला, उलटसुलट करून पाहिला, आणि ब्रह्मीत विचारलं, हा कापला कुणी? पुरता असता तरी नेऊ दिला असता की. "पुरा बी चालला असता," गिरजाबाई म्हणत. "ऐकलं का? पुरा बी चालला असता!" आणि त्या हसत हसत पाटावर बसून घेत. किसनराव अशा वेळी उठून पाणी आणून देत.

वडील गेल्याचं पत्र मी नागपूरला आले त्याच वर्षी आलं होतं. गिरजाबाईंनी पुंडलिकला लगेच लिहिलं, फोटो पाठव. त्याचं उत्तर यायला सात महिने लागले. बाबांच्या उशाखाली, पेटीत, देव्हाऱ्यात, सगळीकडे पाहिलं. फोटो कुठेच नाही. त्यांनी परत लिहिलं, नीट पाहा. मग उत्तरच येईना. वर्षं गेली. मी रोज अकरा वाजता "नाही" म्हणत होते, आणि रोज ते म्हणताना मला स्वतःची लाज वाटत होती. त्यांचा अर्धा फोटो जणू माझ्याच टपालखात्याने अडवून धरला होता.

आणि मग मे महिन्यातल्या एका दिवशी, दुपारच्या टपालाची थैली फोडली तर वरच ते पाकीट. रजिस्टर केलेलं, जाड, आत पुठ्ठा असल्यासारखं कडक. तिकिटं ब्रह्मदेशाची. नियम असा की पाकिटाची नोंद होणार, ते शेंड्यांच्या थैलीत पडणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरपोच जाणार. मी पाकीट आमच्या पोस्टमास्तरांपुढे ठेवलं. रोज अकराला येणाऱ्या बाईंना तेही ओळखत होते. त्यांनी तिकिटं पाहिली, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाले, "शेंडे, सायकल काढा. अन् या बाईले बी न्या. नाही तं इथं तिच्याच्यानं एक काम होनार नाही."

भर उन्हात शेंड्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून, एका हाताने पाकीट छातीशी धरून, मी गोळीबार चौकातून गेले. अख्ख्या वस्तीने ते पाहिलं. पुढे दोन वर्षं मला त्यावरून बोलणी खावी लागली. त्याचं मला काहीही वाटलं नाही. वळणावर शेंडे ओरडून सांगत होते, "गिरजाबाई, रंगून! रंगून आलं!" आणि माग थांबवून लोक दारात येत होते.

गिरजाबाई एका नवरीच्या गालाला गुलाबी लावत होत्या. त्यांनी त्याच हाताने पावतीवर सही केली. त्या पावतीवर गुलाबी अंगठा उमटला आणि तो तसाच आमच्या दप्तरी गेला. किसनराव रात्रपाळी करून आले होते, ते उठून बसले. गिरजाबाईंनी पाकीट उघडलं नाही. आधी हात धुतले, पदराला पुसले, परत धुतले. मग किसनरावांना म्हणाल्या, "तुम्ही फाडा."

आत चिठ्ठी होती, ब्रह्मी अक्षरांत, आणि पातळ कागदात गुंडाळलेला फोटो. चिठ्ठी त्यांनी आम्हाला सांगत सांगत वाचली. पुंडलिकने लिहिलं होतं, की बाबांचा माग मागच्या खोलीत पोत्याखाली झाकून ठेवला होता, तो आता विकायला काढला. माग खोलताना फोटो सापडला. चौकटीला आतल्या बाजूने, सुताला लावायच्या खळीने चिकटवलेला होता. बाबा विणायला बसले आणि मान खाली घातली, की नजर पडेल अशा जागी. तिथून सोडवताना एक कोपरा फाटला, त्याची माफी कर.

गिरजाबाईंनी फोटो पालथाच हातात घेतला. मागची बाजू नाकाशी नेली. "खळ," त्या म्हणाल्या. मग उलटा केला.

आठ वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या, डोळे वटारून सरळ समोर बघते आहे. तिच्या खांद्यावर आईचा हात, मनगटापासून पुढचा. इतकी वर्षं त्या गुडघे वाकवून सांगत होत्या तसाच, त्याच जागी. तिच्या पलीकडे वडील उभे. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. धोतराची एकेक चुणी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. हातातल्या काठीची मूठसुद्धा स्वच्छ. आणि टोपीखाली, चेहऱ्याच्या जागी, एक पांढरट धूसर डाग.

"अरे," शेंडे म्हणाले, "तोंडच नाही आलं."

मला रडू फुटेल असं वाटलं. त्या एका चेहऱ्यासाठी त्यांनी भिंत कोरी ठेवली होती. मी किसनरावांकडे पाहिलं, तर ते पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते आणि तो कुणाला द्यावा हे त्यांना कळत नव्हतं.

गिरजाबाई फोटो घेऊन खिडकीशी गेल्या. भिंग लावलं. बराच वेळ त्या तशाच वाकून बसल्या, आणि मग त्यांची पाठ हलायला लागली. मी जवळ गेले तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "अमले," त्या म्हणाल्या, अगदी हळू. पहिल्यांदाच ते मला 'आई गं'सारखं ऐकू आलं.

"चिनीबाबानं, त्या फोटोवाल्यानं, सगळ्याईले सांगितलं होतं," त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "पाच आकडे मोजतो तवरिक हालाचं नाही. जो हालला त्याचं तोंड जाते. माय हालली नाही. पुंडलिक तान्हा, तो बी हालला नाही. मी तं डोये बी नाही मिटले. आता पाह्य तू. तोंड कोन्या बाजूनं पुसलं गेलं ते पाह्य."

मी पाहिलं. भिंगातून तो डाग नव्हता. समोरून सुरू झालेली नाकाची रेघ एका बाजूला ओढली गेली होती, खाली, जिथे मुलीचं डोकं होतं तिकडे. मिशीसुद्धा तिकडेच गेली होती.

"पाचातले तीन आकडे तं तिकडेच गेले असतीन," गिरजाबाई म्हणाल्या.

मी तेव्हा तरुण होते आणि मला लगेच काहीतरी करून टाकायची घाई असे. मी म्हटलं, "तुम्ही तर मिटलेले डोळे उघडता. हा चेहरा तुम्हाला कितीसा अवघड? काढा ना डोळे."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी अजून चौकात उभी राहून माझं वय सांगते आहे. "काहून वं?" त्या म्हणाल्या. "उघडेच हायेत ना."

त्यानंतर चार दिवस त्यांनी कुणाचंही काम घेतलं नाही. दोन्ही भाग शेजारी शेजारी बसवले. एक उजळ, एक पिवळा पडलेला. पण वडिलांची कात्री इतकी सरळ चालली होती की मनगटाला हात बरोबर जुळला. मग त्या रंगवायला बसल्या. आईचं लुगडं मधाच्या रंगाचं झालं, कारण काठ करवती होता आणि विणलं बाबांनीच होतं. पुंडलिकच्या झबल्याचा रंग त्यांना ठाऊक होता. स्वतःच्या परकराचा हिरवाही आठवत होता. बाबांच्या टोपीचा रंग काही केल्या आठवेना, म्हणून टोपी काळीपांढरीच राहिली. चेहऱ्याला त्यांनी फक्त कातडीचा रंग दिला, ओढलेल्या रेघांवरून हलकेच, रेघा जातील तिकडे. चेहऱ्यांची ती वही त्यांनी चूल पेटवायला वापरली. किसनरावांनी आपण होऊन कोऱ्या भिंतीत खिळा ठोकला, आणि या वेळी तो राहिला.

पुढे काही वर्षांनी माझी बदली चंद्रपूरला झाली. सामान बाहेर काढून रिक्षा उभी होती, मी निरोप घ्यायला गेले, तर त्यांच्याकडे नवं गिऱ्हाईक आलेलं. कामठीकडचा एक तरुण, लग्नाचे फोटो रंगवायला. रिवाजाप्रमाणे त्याला भिंतीपुढे उभं केलेलं होतं. चहा पाटाजवळ निवत होता. गिरजाबाईंचे केस आता बरेच पिकले होते आणि गुडघे वाकवायची गरज उरली नव्हती, पण सवयीने त्या किंचित वाकल्या होत्या आणि बोट फोटोवरून सरकवत होत्या. हे माय, हा पुंडलिक, अन् हे मी. अन् हे बाबा.

तो तरुण पुढे झुकला, त्याने चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि धंद्यातलं कळतं अशा सुरात म्हणाला, "फोटो काढतेवेळी हालले वाटते."

मी दारातच थांबले. गिरजाबाईंनी विडी तोंडातून काढली.

"हालले नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "वयले."